रजयांची खानेसुमारी

रहेमतुल्ला वल्द इमाम. वय अंदाजे पन्नास. धंदा पिंजारी. स्थावर मिळकत निरंक. जंगम मिळकत एक पिंजण, एक लाकडी दस्ता व एक शेळी. शिक्षण नाही. गावाबद्दल उपयुक्त माहिती मिळण्याचा संभव नाही.

हे वर्णन शाळाखात्याच्या डिपोटी इन्स्पेक्टरांनी १९२७ सालच्या थंडीत केलं. पिंपळगाव राजापासून तीन कोसांवरच्या त्या खेड्याला शाळा द्यायची की नाही, हे ठरवायला ते छापील तक्ता घेऊन आले होते. शाळेच्या वयाची चाळीस मुलं निघाली तर शाळा. नाहीतर ज्याला शिकायचं त्यानं पिंपळगाव गाठावं. मध्ये नदी. रहेमतुल्लाची नात नूरजहां सात वर्षांची. तो पिंजायला बसला की ती समोर बसून विचारी, "दादा, आपली शाळा कधी येते?"

दिवसभर फिरून तक्त्यात मुलं जमली अकरा. गावात मुलं नव्हती असं नाही. ती मोजू द्यायची रीत नव्हती. मोजलेलं लेकरू टिकत नाही, हे तिथं सर्वांना पाठ होतं. मनकर्णाबाईच्या मागून दोन तोंडं डोकावत होती, तरी ती म्हणाली, "माह्या घरी एक बी लेकरू नाही."

"मग ही कोण?"

"हे? हे देवाचे हायेत."

देवाच्या मुलांसाठी तक्त्यात रकाना नव्हता.

संध्याकाळी चावडीवर डिपोटी तक्ता गुंडाळू लागले, तसा रहेमतुल्ला उठला. उठावं की नाही, यावर त्याच्या दोन विड्या खर्ची पडल्या होत्या.

"साहेब, लेकरं नका मोजू. रजया मोजा."

"रजया?"

"मोठ्या माणसाच्या रजईले चार शेर कापूस लागते, लेकराच्या रजईले दीड. अडीच शेराची असली का समजा, दोन लेकरं आडवे झोपतेत. पाळण्यातल्याले पावशेर पुरते, ते सोडून द्या. गावातली हरेक रजई म्याच भरली. पह्यली माह्या नातीची धरा."

दारोदारच्या बाया चावडीपुढं गोळा झाल्या. मनकर्णाबाईनं क्षणभर विचार करून निकाल दिला, "रजईले नजर नाही लागत. मोजा."

मग काय विचारता!

"माह्या घरच्या दोन, दीड दीड शेराच्या!"

"काऊन वं गीता, एक तं अडीचची हाय!"

"ते तिसरी, ते बुढ्यानं वढली ना वं!"

डिपोटींनाही हसू आलं. तक्त्यात त्याचीही सोय नव्हती. त्यांनी गावाची आर्थिक स्थिती विचारली. "उत्तम," पाटील उकंडराव घाईनं म्हणाले.

"हाव, उत्तम," रहेमतुल्ला अदबीनं म्हणाला. "पाटलाच्या घरी तेवढा तीन सालापासून जुनाच कापूस पिंजून राह्यलो."

पाटलांना खोकला आला.

बेरीज झाली एकेचाळीस. डिपोटींनी अहवालात लिहिलं : 'संख्या शास्त्रीय पद्धतीने व प्रत्यक्ष पाहणीअंती निश्चित केली असून चुकीस वाव नाही.'

मारुतीच्या देवळात शाळा भरली. नूरजहां सूर्य उगवायच्या आधीच जाऊन पहिल्या रांगेत बसली होती. हजेरीत नावं पुकारतात, मोजत नाहीत, म्हणून बायांचीही हरकत नव्हती. मास्तरांनी मात्र मनातल्या मनात मोजली. बेचाळीस.

मनकर्णाबाईचा नातू कडूबा अजून आजीच्याच रजईत झोपत होता.