तीन बाटल्यांतला पारा

दिनांक ७ ऑक्टोबर १९७९, रविवार. रक्कम आठशे रुपये, रोख. हजर तिघं: आई, मी आणि निपाणीचे सोनारकाका, आप्पांचे जुने स्नेही. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन दोन महिने झाले होते.

बेळगावात कॅम्पात आप्पांचं दुकान होतं. डॉक्टरांची रक्तदाब मोजायची यंत्रं ते दुरुस्त करत. त्यांतून निघालेला पारा तीन बाटल्यांत साठवत, वर बोटभर पाणी, वाफ सुटू नये म्हणून. चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात: चोख, मळका, आणि फुटलेल्या नळ्यांतला तो काचेचा. फरशीवर थेंब सांडला तर पोस्टकार्डाने गोळा करत, फटीत गंधक भुरभुरत, आणि तोवर आम्हाला उंबऱ्याबाहेर थांबवत. त्यांची ती वाकलेली पाठ अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

दुकान रिकामं करताना मला एकूण वजन हवं होतं. तिन्ही बाटल्या एकाच बरणीत ओतल्या. चार किलो साडेतीनशे ग्रॅम. आकडा वहीत लिहिल्यावर ध्यानात आलं, की आता चोख कुठला आणि मळका कुठला ते कळायचं नाही. त्या दिवशी माझ्यावर रागवायला आप्पा हवे होते.

सोनारकाकांना मिसळलेलाही चालणार होता; ते आठशे रुपये त्यांनी त्यासाठीच आणले होते. सोनं पाऱ्यात मुरवून ते देवांच्या मूर्तींना लावत आणि तापवून पारा धुरात उडवत. तो धूर विषारी, हे आप्पा त्यांना सांगून थकले होते.

"वैनी, आप्पानं वीस वर्षं नुसता च्या पाजला, पारा काय दिला न्हाय. आता तरी द्या."

"शेगडी कुठं पेटवता, भावजी?" आईने विचारलं.

"सोप्यात. वारा लागत न्हाय तिथं."

"आणि नातवंडं?"

"ती व्हय? तिथंच खेळत्यात माझ्याजवळ."

"मग न्हाय द्यायची मी."

काकांनी नोटा खिशात घातल्या. "बरं, च्या तरी टाका."

पुढच्या आठवड्यात बरणी मांडीवर घेऊन मी एसटीने पुण्याला गेलो. आप्पा ज्या कारखान्यातून पारा आणत, तिथे जुना पारा परत घेऊन शुद्ध करत.

"मिसळलाय हा," तिथला माणूस म्हणाला. "तुमचे वडील वेगवेगळा आणायचे."

चोखाचा भाव गेला. दोनशे बारा रुपये मिळाले. जाण्यायेण्याचं भाडं छप्पन. उरलेले एकशे छप्पन मी आईच्या हातात दिले.