ब्रॉडवेवाले चाचा

"ठाऊक आहे काय तुला?" असे म्हणून चाचा उजव्या हाताचे बोट वर करायचे. समोरचा हातातले काम थांबवीपर्यंत ते बोट खाली येत नसे. मग म्हणायचे, "ब्रॉडवेची बहुतेक थिएटरं ब्रॉडवेवर नाहीतच. बाजूच्या गल्ल्यांत आहेत. समजलास?"

कुवेतला, हवल्लीतल्या एका खोलीत आम्ही चौघे राहत होतो. ब्रॉडवे हा न्यूयॉर्कातला रस्ता आहे, हेच आम्हा तिघांना चाचांकडून कळले.

चाचा रत्नागिरीकडचे. शुवैखला समुद्राचे पाणी गोडे करायच्या कारखान्यात पंपांवर होते. मी तिथल्याच दवाखान्यात कारकून. मायदेशी परतताना एका अमेरिकन इंजिनियरने त्यांना आपला ग्रामोफोन आणि संगीत नाटकांच्या तबकड्या देऊन टाकल्या होत्या. पाकिटांमागचा बारीक मजकूर चाचा शब्दकोश घेऊन वाचत. नाटक एकही पाहिलेले नव्हते, पण पडद्यामागचे सगळे पाठ. एकच विषय घेऊन जगणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्यापुढे आपण मान डोलावतो आणि नकळत शिकत जातो.

आमच्यातला एकजण निकाहासाठी गावी निघाला, तेव्हा चाचांनी त्याला दारात थांबवून इंग्रजीत 'पाय मोडो' असा आशीर्वाद दिला. तो संतापला. "अरे, तिकडे नटाला शुभेच्छा देत नाहीत, असंच म्हणतात!" चाचा जिन्यावरून ओरडत राहिले. नवरदेव जपून, कठडा धरून उतरला.

एकदा त्यांनी सांगितले, की नवे नाटक आधी दुसऱ्या गावात लावून बघतात आणि नाटक अडवणारी गाणी काढून टाकतात. "चालीत खोट नसते रे. नाटकात जागा नसते, एवढंच."

पुढे ग्रामोफोनचा आवाज वाढत गेला. खालचे पॅलेस्टिनी बिऱ्हाड तक्रार घेऊन आले. चाचा म्हणाले, "तबकड्या झिजल्या." एका शुक्रवारी दुपारी मी खोलीत शिरलो, तर तबकडी फिरत होती आणि चाचा ग्रामोफोनच्या पेटीवर दोन्ही तळवे टेकून डोळे मिटून बसले होते. मी हाक मारली. पुन्हा मारली. खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

"पंपांनी खाल्ले कान," ते म्हणाले. "कुणाला बोलू नको. घरी पाच माणसं आहेत."

कामगारांची वर्षाची तपासणी पंधरा दिवसांवर होती. डॉक्टर माणसाच्या पाठीमागे उभे राहून हलक्या आवाजात आकडे बोलत आणि माणसाने ते परत सांगायचे. आम्ही ठरवले, मी समोर टेबलाशी बसून बोटांनी आकडा दाखवायचा. आठवडाभर खोलीत सराव केला. चाचा एकदाही चुकले नाहीत.

तपासणीच्या दिवशी पहिला आकडा मी दाखवला. "फोर," चाचा म्हणाले. दुसराही बरोबर आला. तेवढ्यात डॉक्टरांनी मला कपाटातून जुने कागद आणायला सांगितले. मी जागचा हललो नाही. त्यांनी पुन्हा सांगितले. जावे लागले.

परत आलो तेव्हा डॉक्टर काहीच बोलत नव्हते. गप्प उभे होते. आणि चाचा समोरच्या भिंतीकडे बघत, ताठ उभे राहून, एकेक आकडा ठणठणीत आवाजात सांगत होते. "सेव्हन. नाइन. टू."

डॉक्टर वाईट नव्हते. "वाफ सुटली तर याला कळणार नाही," ते मला म्हणाले. "हा मरेल. मी सही कशी करू?" दुसरे काम द्या, असे मी सुचवून पाहिले. तशी जागा नाही, असे वरून कळले. 'कामास अपात्र' हा कागद मीच टाइप केला.

चाचांनी मला दोष दिला नाही. खोलीत त्यांचे बोट पुन्हा वर गेले नाही, एवढेच.

महिन्याभराने मी त्यांना धक्क्यावर पोचवायला गेलो. मुंबईची बोट माणसांनी भरली होती. चाचा वर कठड्याशी येऊन उभे राहिले. तेवढ्यात बोटीचा भोंगा सुरू झाला. शेजारच्या बायकांनी मुलांचे कान झाकले. चाचा मात्र माझ्याकडे वाकून, हातवारे करत, काहीतरी महत्त्वाचे सांगत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते.

मला एक अक्षर ऐकू आले नाही. भोंगा थांबला तोवर बोट सुटली होती, आणि ते अजून बोलतच होते.