आउटबॉक्समधला आवाज

मी छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळते. बेलापूर, पनवेल, उरण हा माझा पट्टा. करंजाड्याला घर असल्यामुळे स्कूटरवरून तिन्हीकडे जाता येतं. कुठे प्रिंटर अडतो, कुठे नेट जातं, पण सगळ्यांत जास्त तक्रारी मेलच्या. मेल येत नाही, मेल जात नाही, पासवर्ड पुन्हा पुन्हा विचारतो. माणसं मेलबद्दल बोलतात तेव्हा घरातलं कोणी आजारी असल्यासारखी बोलतात, हे मी फार वर्षं पाहत आले आहे.

बेलापूरच्या एका ऑफिसात न्हावा शेव्याला येणाऱ्या मालाची कस्टमची कागदपत्रं तयार होतात. तिथल्या एका काकांना मी आधी फक्त फोनवर ओळखत होते. त्यांचा आवाज असा होता की फोन कानापासून दूर धरावा लागे. बंदराच्या गेटवर उभ्या ड्रायव्हरशी ते टेबलावरून बोलायचे आणि मला वाटायचं, फोन नसता तरी त्याला ऐकू गेलं असतं. मला फोन करायचे तेव्हा नाव सांगत नसत. "मॅडम, तुमचं मशीन रुसलंय, या लवकर," एवढंच.

मग काही महिने त्यांचा फोन आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं, घशाचा कॅन्सर होता, ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. मालकांनी त्यांना कामावरून कमी केलं नाही. फोनचं काम दुसऱ्याला दिलं आणि सगळ्या मेल काकांकडे सोपवल्या. गळ्यापुढे पांढरा रुमाल बांधून ते खिडकीजवळच्या टेबलावर बसू लागले. रुमालामागे श्वास घेण्यासाठी ठेवलेलं भोक होतं. त्यातून येणारा श्वासाचा आवाज शांत खोलीत स्पष्ट ऐकू येई. कोणाला काही सांगायचं असलं की ते शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही मेलच करत.

एका सोमवारी सकाळी त्या ऑफिसातून मला बोलावणं आलं. काकांच्या कॉम्प्युटरवरून शनिवारपासून एकही मेल गेली नव्हती. गिऱ्हाइकं फोनवर ओरडत होती. मी पोचले तेव्हा काका खुर्ची सोडून बाजूला उभे होते, हात मागे बांधून.

मी नेहमीच्या क्रमाने बघत गेले. नेट चालू होतं. पासवर्ड बरोबर होता. ब्राउझरमधून तोच मेलबॉक्स उघडला तर उघडत होता. म्हणजे दोष काकांच्या मेलच्या प्रोग्रॅममध्येच होता. आउटबॉक्स उघडला. पाठवायच्या मेलची रांग लागली होती आणि रांगेत सगळ्यांत पुढे एक प्रचंड मोठी मेल बसली होती. सर्व्हर एवढी मोठी मेल घेत नव्हता, प्रोग्रॅम तीच पुन्हा पुन्हा पाठवायला बघत होता, आणि मागच्या सगळ्या खोळंबल्या होत्या. असं नेहमी होतं. उपायही सोपा असतो.

"काका, ही एक डिलीट करते. बाकीच्या लगेच सुटतील."

काकांनी माझं मनगट धरलं. धरलं ते जोरात. मग स्वतःच दचकून सोडलं, हात जोडले आणि खिशातली छोटी वही काढून लिहिलं, "नको. त्यात माझा आवाज आहे."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. बाकीचं त्यांनी हळूहळू लिहिलं. त्यांच्या जुन्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत असत. नवा फोन घेताना त्यांनी ती रेकॉर्डिंग वायर लावून थेट एका मेलला जोडली, स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर पाठवली, आणि जुना फोन दुकानात देऊन टाकला. मेल गेली असंच त्यांना वाटलं होतं. म्हणजे आता ती रेकॉर्डिंग जगात फक्त त्या अडकलेल्या मेलमध्ये होती.

"हरकत नाही," मी म्हटलं. "डिलीट नाही करत. प्रोग्रॅम ऑफलाइन करते आणि ही मेल रांगेतून काढून बाजूला ठेवते."

ऑफलाइन केलं. मेल ड्राफ्टमध्ये ओढली. गोल चक्र फिरायला लागलं, फिरत राहिलं आणि पडदा पांढरा झाला. प्रोग्रॅम बंद पडला तो पडलाच. पुन्हा उघडायला गेले तर सांगू लागला, डेटा फाइल खराब आहे, उघडता येत नाही. काकांनी इतक्या वर्षांत एकही मेल काढून टाकली नव्हती. सगळं एकाच फाइलमध्ये साठत गेलं होतं, आणि ती फाइल आता मधोमध मोडली होती.

काका माझ्या मागे उभे होते. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मागे वळून बघायची माझी हिंमत झाली नाही.

आधी मी त्या मोडलेल्या फाइलची प्रत काढून माझ्या ड्राइव्हवर घेतली. मूळ फाइलला हात लावायचा नाही, जे करायचं ते प्रतीवर, एवढी शिस्त या धंद्याने मला लावली आहे. मग दुरुस्तीचा टूल चालू केला. तो फाइलचा एकेक भाग तपासत जातो, आणि तोवर बसून राहण्याखेरीज काही करता येत नाही. दरम्यान ऑफिसच्या अडकलेल्या मेल मी काकांना ब्राउझरमधून एकेक करून पुन्हा लिहून पाठवायला लावल्या. गिऱ्हाइकांचे फोन थांबले. आमचं मात्र संपलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेले. मी डबा उघडला नाही म्हणून काकांनीही उघडला नाही. त्यांनी वही पुढे ओढली.

त्यांची आई उरणजवळच्या गावात त्यांच्या बहिणीकडे राहत होती. डोळे पूर्ण गेलेले. ऑपरेशनचं तिला सांगितलं नव्हतं. म्हातारी सहन करणार नाही, असं सगळ्यांनी ठरवलं. आधी घसा बसलाय म्हणून सांगितलं, मग कामानिमित्त गुजरातला गेलाय म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी काकांना गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. त्यावरून एकदा त्यांनी आईला फोन केला, तर ती घाबरली आणि ओरडून विचारू लागली, कोन बोलतंय, माजा पोरगा कुठं हाय. त्यानंतर त्यांनी यंत्र कपाटात ठेवून दिलं.

पुढची ओळ लिहायला त्यांना वेळ लागला. "दर रविवारी जातो. शेजारी बसतो. तिला वाटतं जावई बसलाय. माझी चौकशी मलाच करते."

मी वही परत सरकवली, तेव्हा त्यांनी पुढचं लिहिलं. त्या रेकॉर्डिंगमध्ये आईबरोबरचे कॉलही होते. तेवढे तिला ऐकवायचे, म्हणजे मुलगा फोनवर आहे असं तिला वाटेल, हा बहिणीचा विचार होता.

संध्याकाळी उन्हं खिडकीतून टेबलावर आली तेव्हा टूलचं काम संपलं. इनबॉक्स परत आला. ज्या मेलची जागा टूलला ठरवता आली नव्हती त्या त्याने एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. त्यात आमची मेल होती. जोडलेल्या फाइलींपैकी काही उघडतच नव्हत्या, काही अर्ध्यात तुटत होत्या. मी हेडफोन काकांच्या कानाला लावला आणि एकेक वाजवत गेले. त्यांनी डोळे मिटले होते. मध्येच त्यांनी हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. तोच आवाज होता. कुठल्याशा ड्रायव्हरला ते सांगत होते, "अरे भाई, घाबरतोस काय, मी बसलोय ना इथे, तू गेटवर फक्त उभा राहा." काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हसले. ते हसले नाहीत.

आईबरोबरचा एकच कॉल धड निघाला. फाइल जुन्या पद्धतीची होती, नव्या फोनवर वाजेना. मी ती घरी नेऊन, त्यातला आईचा आवाज कापून, बदलून आणते म्हटलं. काकांनी लिहिलं, "रविवारी तुम्हीच आणा. ऐनवेळी वाजलं नाही तर मला जमणार नाही."

रविवारी मी त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. भातशेती होती तिथे आता कंटेनरची गोदामं झाली आहेत, त्यांच्या भिंतीला लागून घर. म्हातारी ओटीवर चटईवर बसली होती, पाय लांब करून. काका तिच्या शेजारी हातभर अंतरावर बसले. बहिणीने मला खुणेने गप्प राहायला सांगितलं आणि आईला म्हणाली, "आये, दादाचा फोन हाय. ऐक."

मी फोन म्हातारीच्या कानाशी धरला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. मला तो आवाज पुसट ऐकू येत होता. "आये, जेवलीस का? औषध घेतलंस? दुपारची चिंचेखाली बसू नको गं, मुंग्या लय झाल्यात. मी येतो रविवारी."

म्हातारी मान तिरकी करून ऐकत राहिली. कॉल संपला. तिने फोन हाताने बाजूला केला.

"चिंच तर गेली कवाची," ती म्हणाली. "गोदामवाल्यांनी कापली. यो आवाज जुना हाय."

बहीण काहीतरी बोलू लागली, रेंजचं, गुजरातचं. म्हातारीने ऐकून घेतलं नाही. ती काकांच्या बाजूला वळली.

"आनि इथं येऊन बसतो तो कोन? जावई नाय. जावयाला बिडीचा वास येतो. यो दर वेळेला येतो, माज्या बाजूला बसतो आनि रडतो. मला काय कळत नाय?"

तिने हात पुढे केला. काका हलले नाहीत. हात आधी त्यांच्या खांद्याला लागला, मग गालाला, मग खाली रुमालाला. बहिणीने तोंडावर पदर धरला. म्हातारीने रुमाल बाजूला केला आणि बोटं त्या भोकाजवळ नेली. तिथून येणारा श्वास तिच्या बोटांना लागला असणार, कारण ती एकदम थांबली. बराच वेळ तिने बोटं तशीच ठेवली.

"दुकतं का रं?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. तिला दिसणार नाही हे लक्षात आल्यावर तिचा हात आपल्या कपाळाला लावला आणि पुन्हा मान हलवली.

"मंग मला सांगलास का नाय? मी काय मेले असते?" तिचा आवाज चढला होता. आम्ही तिघंही खाली बघत होतो. मग ती म्हणाली, "त्यो फोनवर घुरघुरत होता, त्यो तूच होतास?"

बहीण म्हणाली, "होय आये. मशीन हाय तसला. गळ्याला लावायचा."

"मंग तसा सांगायचा ना. मला वाटला कोन चोर हाय." मग म्हणाली, "आन त्यो मशीन. बोल माज्याशी."

यंत्र कपाटात होतं, काकांच्या उरणच्या घरी. बहिणीचा नवरा आत होता, तो मोटारसायकल काढून उरणला गेला. तो येईपर्यंत बहिणीने चहा केला. म्हातारीने काकांचा हात सोडला नाही, चहाही एका हाताने प्यायली.

यंत्र आलं. काकांनी ते गळ्याला लावलं, बटण दाबलं. पत्र्याच्या डब्यातून यावा तसा एकसुरी आवाज आला. "आये. जेवलीस का?"

म्हातारीचा चेहरा आवळला. तो आवाज तिला सोसत नव्हता, हे दिसत होतं. पण तिने उत्तर दिलं. "जेवले. भात नि निवट्यांचा कालवन. तू?"

"नाय अजून."

"इतका वाजला आनि जेवला नाय," ती लेकीला म्हणाली, "भात वार त्याला."

मी निघाले. काका दारापर्यंत आले. त्यांनी वही काढली नाही. यंत्र गळ्याला लावून म्हणाले, "सांभाळून जा." तो शब्द नीट फुटला नाही, त्यांना दोनदा म्हणावा लागला, आणि मी दोन्ही वेळा मान डोलावली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या मेलची ती अवाढव्य फाइल वर्षांप्रमाणे वेगळी करून दिली, रोज आपोआप प्रत निघेल अशी सोय केली, आणि मोठी फाइल मेलला जोडायची नसते हे एका कागदावर लिहून पडद्याला चिकटवलं. ऑफिसात ते यंत्र फारसं वापरत नाहीत. लोक वळून बघतात, ते त्यांना आवडत नाही. आईशी मात्र रोज दुपारी जिन्यात जाऊन फोनवर बोलत. यंत्राची बॅटरी संपली की बहिणीच्या फोनवर म्हातारी चिडायची, असं त्यांनीच मला लिहून दाखवलं होतं.

ती पुढच्या वर्षी वारली. मी भेटायला गेले तेव्हा काका ओटीवर एकटेच बसले होते. शेवटच्या दिवसांत ती काय म्हणाली, ते त्यांनी मला यंत्रावरून सांगितलं. लिहून नाही. मधे थांबत, बटण सोडत, पुन्हा दाबत. मला सगळे शब्द कळले नाहीत, पण मी पुन्हा विचारलं नाही. त्यांना ते तोंडाने सांगायचं होतं, आणि त्यांनी सांगितलं.