रंगाविना पुंजाराम

पुंजाराम पारावर चढला की लोक तो बोलण्याआधीच हसायचे. बार्शीटाकळीजवळच्या त्या गावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दंडार म्हणजे सोंगांचा खेळ व्हायचा आणि चाळीस वर्षं त्याचा सोंगाड्या तोच. लुगडं नेसून, गालाला गेरू फासून तो कुणाचीही टर उडवी. करीचं बोलणं मनावर घ्यायचं नाही, ही गावाची रीत. टर उडालेला माणूसच दुसऱ्या दिवशी त्याला हाक मारून चहा पाजी.

यंदा त्यानं शाळेत खिचडी रांधणाऱ्या कौशल्याचं सोंग घेतलं. झारा फिरवत म्हणाला, "पाल पडली तं पडू द्या बाप्पा, तेवढीच फोडणी!" सगळे लोटपोट. कौशल्याही हसली. पण कुणीतरी तेवढाच तुकडा मोबाइलवर घेऊन आसपासच्या गावांच्या ग्रुपवर टाकला. त्यात ना दंडार कळत होती, ना कर. आया पोरांना घरून डबे देऊ लागल्या, शाळेनं कौशल्याला काढलं. मग पुंजारामला कौशल्याकडून बदनामीची नोटीस आली.

सल्ला घ्यायला अकोल्यात कुंदाताई वकिलांपुढे तो तोऱ्यात बसला. "बाई, सोंगातल्या बोलण्याले कायदा थोडाच लागते?"

"लागतो, काका. तोंडानं बोला, लिहा, नाहीतर नक्कल करा. खोट्यानं कुणाची अब्रू गेली की ती बदनामी. गोष्ट खरी आणि लोकांच्या भल्याची असेल तर बचाव आहे. पाल तुम्ही पाहिली होती?"

पुंजारामची मान खाली गेली. "नाई. लोकायले हसू यावं म्हणून..."

"मग लेखी माफी द्या, आणि जिथं बोललात तिथंच उभं राहून मागा. तरी खटला भरायचा की नाही, ते कौशल्याबाईंच्या हाती."

बाजाराच्या दिवशी तो पारावर उभा राहिला. धुतलेलं धोतर, कोरा चेहरा. "कौशल्याच्या खिचडीत पाल नव्हती. मी खोटं बोललो."

लोक खदखदून हसले. "वा रे गड्या! आता रडून बी दाखव!" ढोलकीवाला देवीदास ओरडला.

ज्या हसण्यावर पुंजाराम जन्मभर जगला, ते आज त्याला सोसवेना. तो पुन्हा बोलला. पुन्हा हशा. चौथ्यांदा बोलताना आवाज फाटला, तेव्हा कुठं एक म्हातारी म्हणाली, "अवो, खरंच बोलून राह्यला तो." हशा विरला.

मागून कौशल्या पुढे आली. "काढा आता मोबाइल," ती लोकांना म्हणाली. "काहून, आता हात दुखते का?" मग पुंजारामकडे वळली. "भाऊ, आखीन एकडाव बोला. पयल्यापासून."

पुंजारामनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.