मिठातलं आयोडीन आणि माझं

अहेरीजवळच्या शाळेत मी आठवीला विज्ञान शिकवते. अणूच्या धड्यात समस्थानिकं येतात आणि त्यांच्या उपयोगांत आयोडीन-१३१ चा उल्लेख येतो, थायरॉइडच्या आजारासाठी. ते वाक्य मी वर्षानुवर्षं वाचून पुढे जात असे. एका मार्काला येतं, एवढंच.

मग माझ्याच गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन करून ग्रंथी काढली, तपासणीत कॅन्सर निघाला. डॉक्टर म्हणाले, "काही पेशी मागे राहिल्या असतील. त्यांच्यासाठी आयोडीन द्यावं लागेल."

"एकशे एकतीस?" मी विचारलं.

ऑपरेशनपासून माझा आवाज पार बसला होता. डॉक्टरांना ऐकूच गेलं नाही. नवऱ्याला माझा प्रश्न मोठ्यानं सांगावा लागला.

मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. तिला सांभाळायला आई सिंदेवाहीकडच्या गावाहून आली. माझं माहेर तळ्यातल्या मासोळीवर जगणारं. आई कधी शाळेत गेली नाही. औषधाआधी मला आयोडीनचं मीठ बंद होतं, म्हणून दवाखान्यानं दिलेलं बिनआयोडीनचं मीठ घालून ती माझी भाजी वेगळी शिजवायची. एकदा गॅसपाशीच तिनं विचारलं, "टीव्हीवर त सांगतेत आयोडीनचा मीठ खा म्हणून. तुले काऊन बंद?"

"त्या पेशींले उपाशी ठेवाचा हाये. मंग औषदातला आयोडीन त्या गपागप घेतीन आन मरतीन."

"मंग तो आयोडीन येगळा हाये का?"

वर्गात सांगते तसंच तिला सांगितलं. आयोडीनच्या प्रत्येक अणूच्या केंद्रात त्रेपन्न प्रोटॉन असतात. मिठातल्या आयोडीनमध्ये त्यांच्या जोडीला चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन, दोन्ही मिळून एकशे सत्तावीस. हा झाला त्याचा वस्तुमानांक. औषधातल्यात न्यूट्रॉन चार जास्त, म्हणून एकशे एकतीस. तेवढ्यानं केंद्र डळमळतं आणि त्यातून किरणं निघतात. बाहेरचे इलेक्ट्रॉन मात्र दोघांचे सारखेच, त्यामुळे पेशीला फरक कळत नाही.

तिला किती समजलं ठाऊक नाही. भाजी हलवता हलवता ती थांबली. "ते किरनं पोरीच्या अंगाले लागतीन का?"

तेच मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, "म्हनूनच, माय. काही दिवस तिले जवळ घेता येनार नाई."

नागपूरला शिशाच्या दरवाजाच्या खोलीत मला ठेवलं. कॅप्सूल गिळली. नर्स दाराशी जेवण ठेवून जायची. त्या खोलीचं मला काही वाटलं नाही. घरी आल्यावर कठीण गेलं.

आमच्या क्वार्टरच्या दोनच खोल्या. मी पुढच्या खोलीत, माझं ताट वेगळं. मुलगी उंबऱ्यापर्यंत धावत यायची आणि आई तिला मागे ओढायची. ऑपरेशननंतर मी तिच्याशी कानाशीच कुजबुजायचे; आता लांबूनच घोगरी हाक मारली, तर ती आजीच्या लुगड्यामागे लपली.

"आईचा आवाज असा नाई," म्हणाली.

सुरुवातीला ती खूप रडायची. मी भिंतीला कान लावून बसायचे. मग एका दुपारी तिचं रडणं ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठ दिवसांत निम्मं आयोडीन उरतं, पुढच्या आठांत त्याच्या निम्मं, शिवाय बरंचसं शरीराबाहेर जातं. हा हिशेब मी रोज मनात करायचे. भिंतीपलीकडे काय चाललंय, ते मात्र कळत नव्हतं.

डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा मी हात पसरले. ती आली, मांडीवर आखडून बसली आणि थोड्या वेळानं उठून आजीकडे गेली.

"मी गावाले जातो आता," आई म्हणाली. "मी नसलो त पोरगी येईन तुयापाशी."

ती गेली. मुलीनं जेवण सोडलं, तापानं फणफणली. शेवटी नवरा जाऊन आईला परत घेऊन आला. तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. तिकडे बाबा एकटे हातानं रांधून खातात.

मी शाळेत रुजू झाले. आवाज काही पूर्ण आला नाही. मागच्या बाकांवर ऐकू जात नाही, म्हणून फळ्यावर जास्त लिहिते. त्या वर्षी अणूचा धडा आला तेव्हा एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आयोडीन-१३१ दिसते कसा?"

"कॅप्सूलमध्ये असतं. चव नसते," म्हणाले आणि पान उलटलं.

पुढचं स्कॅन स्वच्छ आलं. पुढेही तपासण्या करतच राहाव्या लागणार आहेत. घरी येऊन सांगितलं, तर आई मटकन खाली बसून रडायला लागली. मुलगी धावत जाऊन तिच्या मांडीवर चढली आणि आपल्या फ्रॉकनं तिचे डोळे पुसू लागली. मी दारातच उभी होते, चपला अजून पायात होत्या.