निळं खोकं कोणाला द्यायचं

मलकापूर स्टेशनवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझ्याआधी बाबाच डब्यात चढले. मला वाटलं, बॅग ठेवायला चढले असतील. पण बॅग तर माझ्याच हातात होती. ते एकेका बाकापाशी थांबून माणसं पाहत होते. एका बाकावर एक आजोबा-आजी डबा उघडून बसले होते. आजोबांनी अर्धी पोळी समोरच्या अनोळखी बाईच्या लेकराला दिली, आणि बाबा तिथेच थांबले.

"पुण्याले चालले काय? हा माहा पोरगा हाये. पयल्यांदाच चालला. याले तुमच्यासंगं उतरवून घ्याल."

आजोबांनी सरकून जागा केली. गाडी हलायच्या आत बाबा खाली उतरून खिडकीशी आले आणि माझ्याशी न बोलता आजोबांनाच म्हणाले, "जेवाले लाजते तो. इचारजा त्याले."

पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला चाललो होतो, या गोष्टीला बारा वर्षं झाली. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. बाबा हंगामात मलकापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचे, बाकीचे दिवस आमच्या गावाजवळचं, मोताळ्याजवळचं थोडं शेत पाहायचे. मी इंजिनिअर झालो तो बऱ्याच जणांच्या मेहनतीवर. हे मी विनयाने लिहीत नाही, तसंच झालं म्हणून लिहितो. पुढे काय काय झालं ते, मोताळ्यात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हा दोघांनाही सांगायचं आहे. ते एका खोक्याच्या निमित्ताने सांगतो.

पुण्यात ऑफिसच्या पहिल्या वर्षी मी फारसा बोललोच नाही. तोंडातून ‘मले’ निघून गेलं की दोघंतिघं हसायचे. प्रेमानेच हसायचे, पण हसायचे. मी वाक्य आधी मनात बसवून मग बोलायचो, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. आमच्या टीममधल्या राधिकाने एका शुक्रवारी विचारलं, "रविवारी काय करतोस? आमच्याकडे ये. एक खेळ आहे, बोलायला लागत नाही फार." ती खोटं बोलली होती, कारण त्या खेळात बोलण्याशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि त्यांच्या तोंडून बोलतात. एखादी गोष्ट जमेल की फसेल हे ठरवायला फासे असतात, सहा बाजूंचे, आठ बाजूंचे, वीस बाजूंचेसुद्धा. सोबत जाड पुस्तकं आणि नकाशे. हारजीत नसते. याला टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणतात. आम्ही नुसतं ‘रविवार’ म्हणायचो.

मी मेंढपाळ घेतला होता, कारण त्याला फार बोलावं लागणार नाही असं वाटलं. सातव्या-आठव्या रविवारी एका पुलावर राक्षसाने आम्हाला अडवलं. सगळे त्याच्याशी ऐतिहासिक नाटकातल्यासारखे बोलत होते. अर्धा तास झाला तरी तो हटेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "काऊन बे, पूल तुह्या आज्यानं बांधला काय?"

मग सूत्रधार राधिका राक्षसाच्या आवाजात म्हणाली, "बांधला नाही, पण दरवर्षी रंग मीच देतो." आम्ही पोट धरून हसलो. या वेळी मीही. त्या दिवसापासून माझा मेंढपाळ वऱ्हाडीतच बोलला, आणि काही महिन्यांनी ऑफिसात मीसुद्धा. राधिकाचा तो खेळ निळ्या खोक्यातला होता.

पुढे एकेक जण जायला लागला. कोणी कॅनडाला, कोणी सिंगापूरला. सामानाच्या वजनात पुस्तकं बसेनात. "तुझ्याकडे राहू दे, तू कुठे जाणार आहेस," असं म्हणून प्रत्येकाने आपलं एखाददुसरं खोकं माझ्या फ्लॅटवर आणून ठेवलं. सगळ्यात शेवटी राधिका गेली. सात खोकी झाली, आणि मग मलाही जर्मनीचा व्हिसा आला. मी सगळ्यांना मेसेज केला की खोक्यांचं काय करू. उत्तरं आली: विकून टाक, रद्दीत दे, आता कोण खेळतं. राधिकाने मात्र लिहिलं, "निळं अशा ठिकाणी दे जिथे ते उघडलं जाईल." माझ्याकडे तीन आठवडे होते.

आमच्या घरी गाय होती. तिचं वासरू कोणाला द्यायचं झालं की बाबा लगेच होकार देत नसत. संध्याकाळी त्या माणसाकडे सहज गेल्यासारखे जायचे, चहा प्यायचे आणि बोलता बोलता गोठा पाहून घ्यायचे. खालची जमीन कोरडी आहे का, हौदात पाणी आहे का, घरातलं कोणी जवळ गेलं की जनावर बिचकतं का. मग घरी येऊन मायला एवढंच सांगायचे, "देऊ" किंवा "नको".

मला दुसरी कुठली रीत माहीत नव्हती. मी पुणंभर चहा पीत हिंडलो. एका साहेबांकडे काचेचं कपाट होतं आणि त्यात असे चाळीस खेळ, निम्म्यांवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. नको. एका होस्टेलवर पाच मुली झेरॉक्सच्या फाटक्या पानांवर खेळत होत्या, फासे नव्हते म्हणून चिठ्ठ्या टाकत होत्या. तिथे दोन खोकी दिली. एका सोसायटीत वाचनालय चालवणाऱ्या बाईंनी माझ्यादेखत चष्मा लावून नियमांचं पुस्तक उघडलं आणि चहा करायचा विसरल्या. त्यांना एक दिलं. अशी सहा गेली. निळ्याला मात्र कुठलंच घर पटेना. कुठे माणसं फार घाईत वाटली, कुठे फार हुशार. जायला आठ दिवस उरले. फ्लॅट रिकामा करून दिला आणि मी निरोप घ्यायला मोताळ्याला गेलो. खोकं ठेवायला जागाच उरली नव्हती म्हणून ते सोबत आलं.

सलीम माझा शाळेतला बाकमित्र. त्याचं गादी-रजईचं दुकान आहे. तो घरी भेटायला आला आणि खोक्याला पाय लागला.

"हे काय हाये बे?"

मी सगळं सांगितलं. चहाचं, गोठ्याचं, सहा खोक्यांचं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे साऱ्या पुन्यात च्या पेत हिंडला. आमच्या घरचा च्या कडू लागते काय?"

"इंग्रजीत हाये रे ते."

"मंग? तू काय मायच्या पोटातून इंग्रजी शिकून आलता?"

माझी धाकटी बहीण सुनीता आतून म्हणाली, "मी वाचतो इंग्रजी. दादाले मालूम नाही."

ती गावात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सांभाळते आणि बाहेरून बी.ए. करते. मला मालूम होतं, तरी आठवलं नव्हतं. मी खोक्यासाठी चांगली माणसं शोधत सगळीकडे फिरलो आणि माझीच माणसं माझ्या मनात आली नाहीत. ज्या बोलीला त्या खेळाने मान दिला होता, त्या बोलीची माणसं तो खेळ खेळू शकतील असं मला वाटलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आम्ही सलीमच्या दुकानात बसलो, नव्या गाद्यांच्या थप्पीवर. सलीम, सुनी, आणि सूत्रधार मी. बाबा दाराशी खुर्ची टाकून बसले. गादीवर फासे गडगडेनात, रुतून बसत, म्हणून सलीमच्या घरून परात आणली. मी प्रत्येकाच्या पात्राचा कागद भरला आणि पुस्तकातल्यासारखी सुरुवात केली.

"सकाळ झाली. तुमी गाव सोडून डोंगरापलीकडं निघाले."

"थांब," सलीम म्हणाला. "माह्या दहा बकऱ्या हायेत, लिवल्या ना तू? त्या कोनाजवळ ठेवू?"

"पुस्तकात बकऱ्यांचं काही नाही."

"पुस्तक लिवनाऱ्याले बकऱ्या नसतीन."

"आन घरी म्हातारी हाये म्हटलं ना तू?" सुनी मला म्हणाली. "तिच्या गोळ्या कोन देईन? सकाळची पांढरी, रातची अर्धी."

"सुनी, त्या काळात गोळ्या नव्हत्या."

"मंग काढा. काढा कोन देईन?"

दाराशी बसलेले बाबा म्हणाले, "इहिरीवरल्या मोटरीची चाबी बी कोनाजवळ देऊन ठेवा."

अडीच तास गेले. डोंगर तिथेच आणि आम्ही गावातच. बकऱ्यांना कोण पाहील, त्यांच्या वाड्याचं कुंपण कोण बांधील, शेजाऱ्यांना सांगावं की नाही. मी आधी चिडलो. हा खेळ असा नसतो, असंही म्हणालो. मग माझ्या लक्षात आलं की पुण्यात आम्ही दर वेळी दोन मिनिटांत गाव सोडत होतो. मागे कोण, हे कोणीच विचारलं नव्हतं. आम्ही सगळेच मागे कोणाला तरी ठेवून आलो होतो, म्हणूनही विचारलं नसेल. आणि सकाळची पांढरी, रातची अर्धी ही माझ्या मायची औषधं होती. रात्रीची अर्धी असते हे मला ठाऊक नव्हतं.

शेवटी सलीमने परात आपल्याकडे ओढली. "तुमी जा. मी थांबतो. बकऱ्या पाहतो, म्हातारी बी पाहतो. पन माहे फासे मले पाह्यजे. गावात बी काय कमी घडते काय?"

मागे थांबणाऱ्याचं काय होतं, यासाठी पुस्तकात एकही पान नव्हतं. सुनीने अभ्यासिकेची वही काढली आणि लिहायला घेतलं.

घरी जाताना मी बाबांना विचारलं, "देऊ काय?"

"तू काय देतं," बाबा म्हणाले. "त्याईनं घेतलं ते."

आता मी जर्मनीत राहतो. खिडकीखाली ट्राम आहे, तळमजल्यावर चार रंगांचे कचऱ्याचे डबे आहेत, आणि शेजारच्या बाई जिन्यात भेटल्या की हवामानाविषयी तीन वाक्यं बोलतात. मला इथे कोणी हसत नाही. घराविषयी विचारलं तर पूर्वी मी मोताळ्याची माती, भाकरी असं काहीतरी सांगायचो. आता वाटतं, जिथे माझ्या वाटची कामं माझ्यावाचून रोज कोणीतरी करत असतं, ते घर. आपण गेल्यावर ते ठिकाण थांबून राहत नाही. कोणीतरी ते चालवत असतं म्हणून ते असतं.

मोताळ्यात आता सहा जण खेळतात. सूत्रधार सुनी आहे. निघायच्या आदल्या दिवशी तिने मलाही एक कागद भरायला लावला होता, डोंगरापलीकडे गेलेल्या माझ्या जुन्या मेंढपाळाचा. परवा दुपारी मी स्वयंपाकघरात भात टाकला होता, तेव्हा तिचा फोन आला.

"दादा, गावात वादळ झालं. तुह्या घराचं छप्पर उडालं. सलीमभाईनं दोन दिवसात शाकारून देल्लं. आता तुही पाळी. तू त्याले काय म्हनते?"

मी म्हटलं, "सांग त्याले, लय उपकार झाले."

"असं नाही. तो इथंच बसला हाये. त्याले बोल."

फोन परातीशेजारी ठेवल्याचा आवाज आला. सलीमने दोनदा मायला मलकापूरच्या दवाखान्यात नेलं होतं, आणि ते मला महिन्याभराने कळलं होतं. सुनीने बारा वर्षांत किती अर्ध्या गोळ्या तोडल्या असतील. मी यांतलं काहीच कधी तोंडाने बोललो नव्हतो. आमच्याकडे बोलत नाहीत. गॅस बारीक केला आणि बोललो. आधी त्या मेंढपाळाच्या तोंडून सुरू केलं, पण तिसऱ्या वाक्याला तो निघून गेला आणि मीच राहिलो. सलीमचं नाव घेतलं, सुनीचं घेतलं, दवाखान्याचं बोललो, गोळ्यांचं बोललो.

फोन परातीशेजारून उचलल्याचा आवाज आला.

मग सलीम म्हणाला, "हाव, हाव. आयकलं. आता भात पाह्य तुहा, लागून राह्यला असन. सुनी, फासे दे."