दारं लावलेलीच नेली

टोचनच्या धंद्यात माझ्या काकांना सगळे 'सावकाश' म्हणायचे. नाव पाडलं होतं चिडवायला, पण काका चिडले नाहीत आणि ते चिकटलं. बंद पडलेल्या गाड्या उचलून आणायच्या, विकलेली यंत्रं ट्रेलरवर चढवून नव्या मालकाकडे पोचवायची, हे आमचं काम. वडील आणि काकांनी मिळून ते सुरू केलं. वडील गेल्यावर ऑफिसातली खुर्ची आणि टेलिफोन माझ्याकडे आले, आणि काका मला 'साहेब' म्हणू लागले. "साहेब, आज कुणाची गाडी आजारी आहे?" असं विचारत ते रोज सकाळी दारात उभे राहायचे, हातात चहाचा पेला आणि खांद्यावर तेलकट फडकं.

बाकीचे ड्रायव्हर दिवसात चार फेऱ्या मारत. काकांच्या दोनच व्हायच्या. गाडी ट्रेलरवर चढली की चार चाकांना चार पट्टे, चाकांपुढे लाकडाचे ठोकळे, हुकाची खीळ, खिळीला साखळी, असं सगळं ते हाताने चाचपून बघायचे. मग दोन किलोमीटर जाऊन थांबायचे, खाली उतरायचे आणि सैल झालेले पट्टे पुन्हा आवळायचे. मागचे लोक हॉर्न वाजवून कंटाळत. "वाजवू दे," काका म्हणायचे, "त्यांचा हॉर्न आहे, आपली मान आहे." तीस वर्षांत त्यांच्या ट्रेलरवरून साधा स्क्रूसुद्धा रस्त्यावर पडला नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता, पण तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही.

डोंगरउतारावरच्या रोपवाटिकेतून फोन आला तेव्हा आमचा दुसरा माणूस आजारी होता. कागदांवर सह्या घ्यायच्या होत्या, म्हणून काकांबरोबर मीच गेले.

न्यायची होती ती एक बग्गी. शेतावर, बागेत, खाणीत फिरवतात तसली. पुढे शेजारी शेजारी दोन आसनं, मागे सामान टाकायला उघडा हौदा. तिचा मालक दीड महिन्यापूर्वी गेला होता. वाटिका बंद होणार होती, त्याच्या मागे राहिलेल्या बाई मुलाकडे राहायला निघाल्या होत्या, आणि बग्गी सपाटीवरच्या एका बागवाल्याने घेतली होती. इंजिन महिनाभर चालू केलेलं नसल्यामुळे बसलं होतं. काकांनी पुढच्या हुकाला तारेचा दोर लावून तिला ट्रेलरवर ओढून घेतलं, ठोकळे लावले, पट्टे आवळले. मग दारांकडे वळले.

दारं कापडाची होती. लोखंडी नळीची चौकट, त्यावर जाड ताडपत्री, वर प्लास्टिकची खिडकी आणि बंद करायला चेन. अशा दारांचे बिजागर मागच्या बाजूला असतात, त्यामुळे दार पुढून उघडतं. बग्गी आपल्या चालीने चालते तोवर काही बिघडत नाही. पण ट्रेलरवर तिला तिच्या तिप्पट वेगाने जावं लागतं, आणि वारा पुढच्या फटीत बोट घालतो. म्हणून काकांचा नियम होता, की कापडी दारं आधी उचलून काढायची, घडी घालून केबिनमध्ये ठेवायची आणि मगच गाडी हलवायची. त्यांनी बिजागरातून पहिलं दार वर उचललं, तेवढ्यात बाई पायरीवरून जवळजवळ धावत खाली आल्या.

"दारं नका काढू."

"काढावीच लागतात हो. पोचल्यावर मी स्वतः बसवून देतो."

"मी शिवलीत ती." बाईंनी दारावर हात ठेवला. "ह्यांना वारा सोसायचा नाही. छातीत कफ धरायचा. माझ्या मशीनच्या सात सुया मोडल्या ह्या दारांपायी." चेनच्या वर ताडपत्री काळपट झाली होती, रोज एकाच जागी हात लागून लागून. त्या तिकडेच बघत होत्या. "तुम्ही त्यांची घडी घालाल. मला ते बघवणार नाही. दारं लावलेली गेली तर मला वाटेल, हे आत बसून गेले."

बग्गी उलट्या तोंडाने चढवली असती, तर वाऱ्याने दार आपोआप मिटलेलं राहिलं असतं. पण तिला ओढायचा हुक पुढेच होता आणि इंजिन तर मुकं. काकांनी माझ्याकडे बघितलं. बाईंचा चेहरा मला बघवत नव्हता. मीच म्हणाले, "जाऊ दे ना काका. एवढं म्हणतायत. वरून दोर बांधू की."

काकांनी दार परत बिजागरात बसवलं. एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत बग्गीला वेढा देऊन दोर बांधला, गाठीवर गाठ मारली. बाईंनी सही केली आणि फाटकाशी उभ्या राहिल्या. त्यांनी हात हलवला, पण तो आम्हाला नव्हता.

डोंगर उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. दोन किलोमीटरवर काका थांबले, पट्टे बघितले, दोर बघितला. मग सपाटी लागली. दोन्ही बाजूंना नुसतं मोकळं रान, आडोसा नाही. काका चाळीसच्या वर गेले नाहीत. समोरून एक भलामोठा कंटेनर आला आणि अंगावर वाऱ्याचा धपाटा मारून गेला. दोर नळीवरून वर सरकला असणार. मला फक्त फडफड ऐकू आली, ओल्या चादरीची येते तशी, आणि मग काहीतरी तुटल्याचा आवाज. काकांनी आरशात बघितलं आणि त्यांच्या तोंडून फक्त "अरे" एवढंच निघालं.

कंटेनरच्या मागून एक स्कूटरवाला येत होता. दार चौकटीसकट उडून त्याच्यावर गेलं.

तो रंगारी होता. तीस-पस्तिशीचा, कामावर निघालेला. स्कूटरच्या पुढे रंगाचे दोन डबे होते, त्यातला एक फुटून रस्ता पांढरा झाला होता. त्याचा उजवा हात कोपरापाशी भलतीकडेच वळला होता. काका त्या रंगात मांडी घालून बसले आणि त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं, हलू दिलं नाही. मी फोनवर ओरडून जागा सांगत होते.

"डबे सांडले का?" रंगाऱ्याने विचारलं.

"नाही," काका म्हणाले. "झाकणं घट्ट आहेत. तू बोलू नकोस."

त्यांच्या पँटला गुडघ्यापर्यंत पांढरा रंग लागला होता.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने ट्रेलर फिरून बघितला. धंद्याची माहिती असलेला माणूस होता. त्याने सरळच विचारलं, "कापडी दारं काढून ठेवतात, हे माहीत नव्हतं का तुम्हाला?"

"विसरलो," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे वळून बघितलं. हुकाची खीळ हाताने तपासणारा माणूस, आणि म्हणे विसरलो! अधिकारी लिहून घेत होता. मी तोंड उघडलं, तर काकांनी माझ्या पायावर पाय ठेवला, लहानपणी मोठ्यांच्या गप्पांत मी मध्ये बोलले की ठेवायचे तसा.

परत येताना मी म्हणाले, "खोटं का सांगितलंत? त्यांनीच अडवलं ना आपल्याला?"

"अडवायला त्यांनी काय माझे हात धरले होते? त्यांनी मागितलं, मी दिलं. नाही म्हणायचं काम माझं होतं."

"मग माझंही नाव सांगा. मीच म्हणाले जाऊ दे."

"साहेब, तुम्ही टेलिफोन सांभाळा." मग उतरताना म्हणाले, "त्या बाईचं माणूस जाऊन दीड महिना झालाय. तिच्या डोक्यावर आता आणखी एक माणूस ठेवू?"

रंगाऱ्याचा जीव वाचला. हात गेला नाही, पण राहिला तो नावापुरता. कोपर वाकेना, बोटांत ब्रश ठरेना. काकांचं लायसन्स सहा महिन्यांसाठी काढून घेतलं.

तीन आठवड्यांनी रोपवाटिकेच्या बाई ऑफिसात आल्या. त्यांना कुणीतरी अपघाताचं सांगितलं होतं. त्या बसल्या नाहीत. हातातली पिशवी छातीशी धरून उभ्याच राहिल्या. "दारं ठेवली म्हणून झालं का? मी म्हटलं म्हणून?"

काका कोपऱ्यात एक पट्टा दुरुस्त करत होते. ते उठले. "नाही हो. मागचा पट्टा मी नीट आवळला नव्हता. गाडी हलली, चौकट वाकली. तुमच्या दारांचा काही संबंध नाही."

बाईंनी डोळे मिटले. खांदे खाली आले, इतके दिवस कुणीतरी वर धरून ठेवल्यासारखे. आणि मग त्या काकांवर उसळल्या. "तीस वर्षं हेच काम करता आणि साधा पट्टा आवळता येत नाही? ह्यांची गाडी होती ती! विश्वासाने दिली होती तुमच्या हातात! एका गरिबाचा हात घालवलात तुम्ही!"

काका मान खाली घालून ऐकत राहिले. "बरोबर आहे," एवढंच दोनदा म्हणाले. माझ्या जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं. मी टेबलाची कड धरून बसले. बाई गेल्या. काकांनी सुई घेतली आणि पट्ट्याचा राहिलेला टाका घातला.

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी ओळखीच्या सगळ्यांना सांगितलं, की तो सावकाश म्हणवणारा माणूस बेफिकीर आहे, त्याच्या हातात गाडी देऊ नका. डोंगराकडून फोन यायचे थांबले. जे काका तीस वर्षं मंद म्हणून चेष्टेचा विषय होते, ते आता निष्काळजी ठरले. यार्डातले ड्रायव्हर त्यांच्यादेखत काही बोलत नसत, पण ते आले की बोलणं तुटायचं. काकू घरी विचारायची, "तुम्ही आणि पट्टा सैल? माझा नाही विश्वास बसत." काका म्हणायचे, "वय झालं गं." काकूलाही त्यांनी खरं सांगितलं नाही.

दर रविवारी दुपारी ते रंगाऱ्याकडे जायचे. पहिल्यांदा त्याच्या आईने दार उघडलं, ओळखलं आणि म्हणाली, "पुन्हा येऊ नका." पुढच्या रविवारी ते परत गेले. जिना चढले नाहीत. खाली रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं उभे राहिले आणि घरी आले. मी म्हणाले, "काका, उगाच कशाला त्यांना त्रास?" तर म्हणाले, "वर येऊ नका म्हणाली ती. खालूनही जा म्हणाले, तर जाईन निघून."

चौथ्या महिन्यात एकदा मी सोबत होते. वरच्या खिडकीतून रंगारी ओरडला, "या वर. लोक विचारतात, हा कोण वसुलीवाला उभा असतो म्हणून."

एकच खोली होती. एका भिंतीवर खालपासून हात पोचेल तिथपर्यंत रंगाचे आडवे पट्टे ओढलेले. खालचे थरथरते, वाकडे. वरचे जरा बरे. डाव्या हाताचा सराव चालला होता. आईने पाणी आणून ठेवलं आणि पाठ फिरवून बसली.

"माफ केलं असं ऐकायला आला असाल," रंगारी म्हणाला, "तर ते माझ्याकडून व्हायचं नाही."

"त्यासाठी नाही आलो."

"मग?"

"घरी बसवत नाही."

"दारं काढायची असतात, हे माहीत होतं तुम्हाला?"

"होतं."

"कागदावर तर विसरलो असं आहे."

"विसरलो नव्हतो. माहीत होतं, तरी नाही काढली."

का, ते त्याने विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. "बसा," रंगारी म्हणाला. काका अर्धा तास बसले. दोघं एक शब्द बोलले नाहीत. पुढे दर रविवारी असंच चालायचं. रंगाऱ्याची आई पाणी आणून ठेवायची आणि पाठ करून बसायची.

लायसन्स परत मिळालं त्या दिवशी काकांनी ट्रक फाटकापर्यंत नेला. तिथे चार-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून बसले. मग मागे घेतला, बंद केला आणि किल्ली आणून माझ्या टेबलावर ठेवली. "साहेब, ही तुमच्याकडेच ठेवा. आरशात बघवत नाही." त्यानंतर ते यार्डातच असत. दुसऱ्यांनी चढवलेल्या गाड्यांचे पट्टे चाचपत फिरायचे. ड्रायव्हर वैतागायचे. एक जण तर तोंडावर म्हणाला, "सावकाश, आता तुम्ही आम्हाला शिकवणार?" काका बाजूला झाले. तो गाडी घेऊन निघून गेला.

दोन वर्षांनी हृदयाच्या झटक्याने हॉस्पिटलात ते वारले. शेवटच्या दिवशी शुद्धीवर होते. मी म्हणाले, "काका, आता तरी सांगू का त्या बाईंना?" त्यांनी मान हलवली. नाही.

बाईंचं मागच्या थंडीत मुलाच्या घरी निधन झालं, असं कानावर आलं. म्हणून आता हे लिहिलं तरी चालेल. काकूला मी सांगितलं. ती आधी रडली, मग रागावली. "मला तरी सांगायचं होतं," असं म्हणत ती दिवसभर घरातली भांडी घासत बसली. स्वच्छ होती तीसुद्धा.

मग मी रंगाऱ्याकडे गेले. तो एका नव्या इमारतीच्या जिन्यात काम करत होता, डाव्या हाताने. उजवा हात शर्टाच्या दोन गुंड्यांच्या मध्ये खोचलेला. मी सगळं सांगितलं; बाईंनी काय मागितलं, काकांनी काय झाकलं आणि मी काय म्हणाले ते. त्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळत ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"त्यांना माहीत होतं की मी चिडलेलाच राहणार," तो म्हणाला. "तरी दर रविवारी यायचे."

"हो."

"तुम्ही मला हे का सांगितलंत?"

मी एक पायरी खाली सरकले.

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "वाटलं असेल तर बरंच आहे. माझा हात कुणाच्याच नावाने परत यायचा नाही."

त्याने ब्रश उचलला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी खाली निघाले. जिना अरुंद होता आणि दोन्ही भिंती ओल्या, त्यामुळे अंग चोरून एकेक पायरी उतरावं लागलं.